फेरफार

आमच्या मामांना त्यांच्याच फौजेचा कारभार समजावून द्यायला शेवटी सातबारा उपयोगी पडला. मोताळ्याच्या घरी ओट्यावर बसलो होतो. कपाशीचा पहिला वेचा घरात येऊन पडला होता, मामींच्या पदराला अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते. मामांच्या मांडीवर त्यांचं डिस्चार्ज बुक होतं आणि चेहऱ्यावर, महिनाभर एकच प्रश्न विचारून थकलेल्या माणसाचा कंटाळा.

“मामा, आज्याचं वावर तुमच्या नावावर कशानं आलं?”

“फेरफारानं. दुसरं कशानं?”

“आणि फेरफार नोंदलाच नसता तर?”

“तर काय? पेरलं असतं मी, निंदलं असतं मी, अन् सातबाऱ्यावर नाव राह्यलं असतं मेलेल्या माणसाचं.”

“मग तेच झालंय. तुमच्या मेडलचा फेरफार नोंदायचा राहून गेला.”

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. “असं सांग ना मंग,” ते म्हणाले.

फौजेत जवानाच्या आयुष्यात जे जे घडतं, लग्न, मूल, बढती, बदली, जखम, शिक्षा, मेडल, ते त्याचं युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या कागदावर छापतं. तो कागद रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि तिथला बाबू तो पाहून जवानाच्या ‘शीट रोल’वर नोंद उतरवतो. गाव नमुना सहामध्ये फेरफार आणि मग सातबाऱ्यावर नाव, तसंच हे. पार्ट टू निघाला नाही तर ती गोष्ट घडलीच नाही. कितीतरी जवानांचा संसार तीस-तीस वर्षांचा होतो, नातवंडं खेळू लागतात, आणि कागदावर ते अविवाहितच असतात. नवरा गेल्यावर बाई फॅमिली पेन्शन मागायला जाते तेव्हा तिला कळतं, की आपलं लग्न कुठे छापूनच आलं नव्हतं. त्या मानानं मामांचं दुखणं लहान. त्यांच्या डिस्चार्ज बुकात मेडलच्या रकान्यात दोनच नोंदी होत्या. एक नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल, दुसरं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, जे १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत असलेल्या सगळ्यांनाच मिळालं. ज्या दिवशी काहीच झालं नाही तो दिवस कागदानं लक्षात ठेवला होता, आणि त्याच्या आठ महिने आधीचं एकाहत्तरचं युद्ध विसरला होता.

रेकॉर्ड ऑफिसं देशभर विखुरलेली आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. मामांचं कुठलं ते इथे लिहीत नाही. त्यांनीच बजावलंय, “मीठ खाल्लं त्याइचं. नाव कायले घेतं?”

मामा १९६८ साली भरती झाले. जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रातलं अर्धं खेडं तेव्हा १ जूनला जन्मायचं, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटायची. म्हणजे कागदाशी मामांची ओळख झाली तीच एका चुकीच्या नोंदीनं, आणि तिच्याबद्दल त्यांची आजतागायत तक्रार नाही. “जलमलो तवा मी काही हजर नव्हतो,” असं म्हणतात. (हजर होतेच की, असं मी एकदा म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं चहाचे कप उचलले.)

ते ड्रायव्हर होते. मोताळ्याच्या माणसाला ड्रायव्हर होण्याची अर्धी शिकवणी घरबसल्या मिळते. गाव घाटाखाली, जिल्ह्याचं ठिकाण बुलढाणा घाटावर, आणि मध्ये राजूर घाट. कोर्टाचं काम असो, दवाखाना असो, कॉलेज असो, घाट चढल्याशिवाय सुटका नाही. मलकापूर स्टेशनाकडून येणाऱ्या गाड्या मोताळा सोडलं की गियर बदलतात, तो आवाज ऐकत मामा वाढले. फौजेत त्यांच्या हाती जबलपूरला बनणारा शक्तिमान ट्रक आला. १९७१ च्या ऑक्टोबरात त्यांना आणि आणखी एका ड्रायव्हरला त्यांच्या युनिटातून काढून दुसऱ्या एका कंपनीत ‘अटॅचमेंट’वर पाठवलं. पूर्वेला, त्रिपुरात. सगळा घोळ या एका शब्दात आहे. जेवण एका ताटात आणि नाव दुसऱ्याच घराच्या रेशनकार्डावर.

त्रिपुरात तेव्हा रेल्वे धर्मनगरला संपायची. तिथून पुढे आगरतळ्यापर्यंत जे काही न्यायचं, तोफगोळे, पेट्रोलची पिंपं, पीठ, कांदे, पुलांच्या, चारी बाजूंनी गुंडाळलेल्या लोखंडी तुळया, ते सगळं रस्त्यानं. वाटेत आठारामुऱ्याचे डोंगर. “आपल्या राजूर घाटावानीच,” मामा सांगतात, “पण वला. आपल्या घाटात गाडी घसरली त दगड दिसते. तिकडं खाली नुसतं हिरवं. माणूस पडला त कुठी पडला समजे नाही.” रात्री मोठे दिवे लावायचे नाहीत. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी एक मिणमिणता बल्ब असायचा, तोच काय तो रस्ता. त्यांच्या पुढे बहुतेक वेळा असायचा तो दुसरा ड्रायव्हर. त्याला सगळे ‘सातारा’ म्हणायचे, जसं मामांना ‘बुलढाणा’. नाव कुणी घेत नसे, फार तर नंबराचे शेवटचे तीन आकडे. जवळजवळ दोन महिने मामांनी सातारच्या गाडीचा तो बल्ब बघत काढले.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, ९३,००० लोक कैद झाले, जगाच्या नकाशात एक नवा देश आला. तुम्ही तेव्हा काय करत होता, असं मी विचारलं. “टायर बदलत होतो,” मामा म्हणाले. “सातारा जॅक धरून होता. कोणी तरी येऊन सांगितलं, झालं. आम्ही म्हटलं, थांब, चार नट राह्यले.”

त्या युद्धासाठी पुढे पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल निघाली. ही शौर्यपदकं नाहीत. ठरलेल्या मुलखात, ठरलेल्या काळात, ठरलेल्या युनिटच्या पटावर माणूस होता, एवढंच ती सांगतात. त्यांना पैसा लागू नाही, जमीन नाही, एस.टी.चा पास नाही. गावात पहिला प्रश्न तोच आला, किती भेटते? काही नाही म्हटल्यावर लोकांची उत्सुकता संपली. मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून मला ही मेडल लगेच कळली. तो हजेरीपट आहे. गैरहजर पोरगं गैरहजर लिहिलं तर त्याला त्याचं काही नसतं. पण पावसात नाला ओलांडून, दप्तर डोक्यावर धरून आलेल्या पोराच्या नावापुढे चुकून फुली पडली, तर ते दिवसभर कोपऱ्यात बसून राहतं आणि सुट्टीत टेबलाशी येऊन हळूच म्हणतं, बाई, मी आलतो.

मामा पन्नास वर्षं बोलले नव्हते. छातीवर रिबन सगळ्यांनी लावली तशी त्यांनीही लावली होती. १९८५ ला नाईक म्हणून घरी आले तेव्हा ती एका तंबाखूच्या डबीत गेली. डिस्चार्ज बुक इंग्रजीत, कोण वाचणार? मग पुढची बावीस वर्षं एस.टी.ची गाडी चालवली, त्याच राजूर घाटातून. २०२१ मध्ये एकाहत्तरच्या युद्धाला पन्नास वर्षं झाली, देशभर स्वर्णिम विजय वर्ष साजरं झालं, इकडेही एका सत्कारासाठी यादी करू लागले. मामा इस्त्रीचा सदरा घालून कागद घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले. यादी करणाऱ्याचा दोष नव्हता. त्यानं बुकात पाहिलं, पूर्वी स्टार नाही, म्हणजे हा माणूस युद्धात नव्हता. मामींनी विचारलं, काय झालं? “मी गेलोच नव्हतो म्हणते,” मामा म्हणाले आणि सदरा काढून खुंटीला लावला.

तिथून माझे रविवार सुरू झाले. शनिवारी दुपारी शाळा सुटली की घाट उतरायचा, रविवारी संध्याकाळी चढायचा. पहिला अर्ज २०२२ च्या जानेवारीत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, सोबत डिस्चार्ज बुकाची आणि पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, साक्षांकित प्रत. पाच महिन्यांनी उत्तर आलं. तपासणी केली असता सदर नोंदी आढळून आल्या नाहीत, तरी पार्ट टू ऑर्डर प्रकाशित झाली असल्यास तिची प्रत आपण सादर करावी. आपण! फेरफार हरवला म्हणून तक्रार घेऊन जावं आणि तलाठ्यानं म्हणावं, फेरफाराची नक्कल आणा. सातबाऱ्यातला लेखनप्रमाद दुरुस्त करायला महसूल कायद्यात निदान कलम १५५ आहे, तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ असतं. फौजेच्या कागदाचं कलम कुठलं, ते आम्हाला माहीत नव्हतं.

मग माहितीचा अधिकार. मोताळ्याच्या पोस्टातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि मागणी एकच: माझ्या स्वतःच्या शीट रोलची प्रत मला मिळावी. ती आली तो रविवार मी विसरणार नाही. झेरॉक्सवर काळे डाग, मूळ कागदाच्या घडीच्या रेघा, आणि त्या डागांमधून एकोणीस वर्षांचा एक पोरगा वर येऊ लागला. उंची पाच फूट साडेपाच इंच. छाती इतकी, फुगवून इतकी. ओळखीची खूण, उजव्या भुवईवर व्रण. मामींनी उठून मामांच्या कपाळाकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तो व्रण त्यांना दिसला नव्हता, भुवईच पांढरी होऊन त्याच्यावर आली होती. “बैलानं मारलं होतं,” मामा म्हणाले, “पोळ्याच्या आदल्या दिवशी.” शेवटी इंग्रजीत सही होती, अक्षरं एकेक करून काढलेली, शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलेलं. मामांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. मेडलच्या रकान्याकडे त्यांनी पाहिलंही नाही त्या दिवशी. मीच पाहिलं. दोनच नोंदी. पण अटॅचमेंटच्या तारखेपुढे मात्र जाण्याची एक नोंद होती आणि परतण्याची एक. मधली जागा कोरी होती.

कोऱ्या जागेचा पुरावा कसा द्यायचा? मामांच्या मते सगळं कार डायरीत होतं, कुठून कुठे, किती मैल, किती पेट्रोल, रोज सही केलेली. अशा डायऱ्या कोण ठेवतो? मग माझ्या आईच्या पेटीची आठवण झाली. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पेटी मी उघडली नव्हती. तिच्यात कहाण्यांच्या पुस्तकात दाबून ठेवलेली निळी आंतरदेशीय पत्रं सापडली, अकरा. मामांनी आज्जीला लिहिलेली. आज्जीला वाचता येत नव्हतं, आई चौथी शिकलेली, ती वाचून दाखवायची. पत्रांत काहीच नव्हतं. कुठे आहोत, काय करतोय, लिहायला बंदी. येथे सर्व खुशाल. गाय व्याली का? आवंदा कापूस कसा आहे? ताईने अभ्यास करावा. येथे पाऊस फार. एवढ्यावर घडी. पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात शेवटी लिहिलं होतं, मार्फत ९९ ए.पी.ओ.

हा आकडा मला आधी ठाऊक नव्हता. फौजेचं टपाल दोन मोठ्या दारांतून जातं. ५६ ए.पी.ओ. म्हणजे पश्चिम आणि उत्तर, ९९ ए.पी.ओ. म्हणजे पूर्व. जे पत्रात लिहायची मनाई होती ते पत्त्यानं सांगून टाकलं होतं. आणि त्याच्यावर फिल्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, नंबरासह. त्यातल्या चार पत्रांवर डिसेंबर १९७१ ही तारीख स्वच्छ वाचता येत होती. कुठल्या नंबराचं टपाल कार्यालय कधी कुठे होतं, याच्या याद्या फौजेकडे असतातच. आईनं ही पत्रं भावाची आठवण म्हणून ठेवली असतील. तिला कल्पना नव्हती, की ती साक्षीदार जपून ठेवते आहे.

त्या दिवसांत मी रात्री कागदांबद्दलच वाचत बसे. अमेरिकेत सेंट लुईसला फौजेच्या जुन्या नोंदींचं मोठं कोठार आहे. १२ जुलै १९७३ च्या रात्री तिथे आग लागली आणि दीड कोटींहून जास्त माणसांच्या फायली जळाल्या. काळ्या कडांचे कागद आजही तिथे जपून ठेवले आहेत आणि म्हातारे सैनिक, त्यांची नातवंडं, राहिलेली मेडल मागायला अर्ज करतात तेव्हा कुणीतरी त्या जळक्या कागदांतून नाव शोधतं. आपल्याकडे आगीची गरज नाही. पेन्शन न मिळवता फौज सोडलेल्या जवानाचे कागद नियमानंच पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. मामा सतरा वर्षं टिकले, पेन्शनीत आले, म्हणून त्यांचा एकोणीस वर्षांचा पोरगा कपाटात जिवंत राहिला.

आणि जुन्या काळी तर नावंच नव्हती. आमच्याच मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. तिथे १४३७ साली बहमनी फौजेनं खानदेशच्या नसीरखानाला हरवलं, पुन्हा १५९० च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहानं जमालखानाला. एका गावाच्या वाट्याला दोन लढाया आणि त्यांतल्या एकाही साध्या शिपायाचं नाव नाही. साताऱ्याकडं अपशिंगे गाव आहे, त्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर अशा गावांतून दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. आकडे आहेत, नावं नाहीत. मला त्या पाटीचा पूर्वी राग यायचा. आता वाटतं, निदान मोजलं तरी होतं.

उशीर ही तर आपली रीतच. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी चाळण होऊन अपंग झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून त्यांनी देशाला सुवर्णपदक आणून दिलं, आणि पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. अर्जुन पुरस्कार हातात पडायला २०२५ उजाडलं. मी हे मामांना सांगितलं ते धीर यावा म्हणून. ते म्हणाले, “तो पोहला बापा. मी नुसती गाडी चालोली.” त्यांना दोन्हींतला फरक पक्का ठाऊक होता, आणि म्हणूनच त्यांना सन्मान नको होता, नोंद हवी होती.

२०२४ च्या श्रावणात पत्र आलं. पत्रांच्या प्रती आणि उपलब्ध नोंदी तपासून पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल यांची नोंद करण्यात येत आहे, पार्ट टू ऑर्डर प्रकाशित केली आहे, मेडल उपलब्धतेनुसार पाठवण्यात येतील. त्रेपन्न वर्षांनी फेरफार मंजूर. सोबत हातानं लिहिलेली एक चिठ्ठी होती, बहुधा कुण्या बाबूची, सहीशिवाय: साहब, पुराने खत सँभालकर रखना. मामींनी ती देवघरात ठेवली, मुख्य पत्र मात्र ओट्यावरच पडलं होतं.

मेडल काही आली नाहीत, अजून नाहीत. छावणीजवळच्या दुकानांत तयार मिळतात, फौजी लोक घेतात, मी घेऊन येते म्हटलं. मामांनी विचारलं, “त्याच्या कडेवर माहा नंबर असते का?” खऱ्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. दुकानातलं कोरं असतं. मी नाही म्हटलं. “मंग राहू दे.”

त्या रविवारी नळगंगेकडून गार वारं येत होतं, मका उभा होता. मी पिशवी उचलली तर मामा म्हणाले, बस. तुह्या पेनमधे शाई हाये का?

“एक अर्ज राह्यला.”

“कुणाचा?”

“साताऱ्याचा. आम्ही दोघं संगंच अटॅच होतो. माहा पार्ट टू नाही निंघाला त त्याचा कसा निंघल?”

मी विचारलं, नाव काय त्यांचं? मामांना माहीत नव्हतं. गाव? सातारा जिल्हा, एवढंच. तो १९७४ मध्येच घरी गेला होता, बाप वारला म्हणून. पेन्शन नाही. मी मनात पंचवीस मोजले, १९९९ वर आले, आणि काहीच बोलले नाही. कागद घेतला. वर उजवीकडे तारीख घातली, अर्जदाराचं नाव या ओळीत पेन्सिलीनं ‘सातारा’ लिहिलं. नंबर?

“शेवटचे तीन आठोते. पाच, एक, अन्...” मामा थांबले. डोळे मिटले. “चार. नाही, थांब. सात असन. चार का सात...” त्यांनी हवेत बोटानं आकडा काढून पाहिला, जणू पुढच्या गाडीच्या पाठीवर तो लिहिलेला आहे आणि उजेड कमी पडतोय. मामींनी चहा आणला, प्यायलो, शेवटची एस.टी. यायची वेळ झाली. मी जागा कोरी ठेवून घाट चढले.

बुधवारी चौथीच्या वर्गावर असताना फोन थरथरला. पोरं पाढे म्हणत होती. मी बाहेर व्हरांड्यात आले. मामा फोनवर हॅलो कधीच म्हणत नाहीत.

“सात,” ते म्हणाले. “चार नाही. सात.”